कपाळावरचा कॅमेरा

६ जाने.
आजपासनं कपाळाला पट्टा, पट्ट्याला कॅमेरा. भाकरी थापताना हात दिसले पायजेत, बास. पुण्याच्या कंपनीला यंत्राला भाकरी शिकवायचीय. कंपनीची मॅडम म्हनली, "मावशी, बोलू नका, नुसतं काम करा." गप्प? धाकटी जाऊ कमळ आन् मी बारा वर्सं कडक भाकऱ्या करून इकतोय, एक दिस गप्प बसलो न्हाय! पट्ट्यानं टिकली घसरून नाकावर आली. लई हसले.

८ जाने.
कमळ भडकली. "अक्का, आपल्याच हातानं आपलं काम घालवताय व्हय? यंत्र शिकल्यावर आपल्याला कोन इचारतंय?" परात उचलून पलीकडच्या खोलीत गेली. मग मी एकटीनं थापल्या. भाकऱ्या झ्याक झाल्या. त्येचंच वाईट वाटलं.

१३ जाने. भोगी.
अबोला हाय, तरी कमळनं वाटीभर भाजी धाडली. वांगी जास्त, मला आवडत्यात म्हनून. रिकामी वाटी कशी द्यायची, लोणी घातलं. बरं वाटलं जिवाला. सनाला कॅमेरा लावला न्हाय. मॅडम रुसली तर रुसू दे.

१९ जाने.
नवा कागद आलाय. माझ्या हातांचं चित्रन कायमचं कंपनीचं, कसंबी वापरनार. सही मागत्यात. ह्यो हात आईनं शिकवला, करमाळ्याला, चुलीपुढं. तिनं कुटं सही घेतली? कमळ दारातनंच, "शिकवनार आपन, मालक त्ये." खरं हाय तिचं. पन मला शिकवायला आवडतंय, ह्येबी खरं. ठरंना.

२४ जाने.
मॅडमनं व्हिडिओ धाडला. यंत्राचा हात भाकरी थापतोय! भाकरी फाटली मेली, पन थाप बरुबर. आन् करंगळी वर! माझी लहानपनी विळ्यानं कापली, तवापासनं वाकत न्हाय. यंत्राची धडधाकट, तरी त्यानं वरच धरलीय. हसू आलं, डोळंबी भरलं. कमळला हाक मारली. तिनं तीनदा बघितलं.
"अगं बाई! ह्या तर तुमीच की, अक्का."
खुदकन हसली. किती दिसांनी. मग म्हनली, "आता समदी यंत्रं करंगळी वर धरनार. तुमचं नाव कुटं?"
कागद दोघींनी मिळून परत वाचला. नावाला जागा एकच हाय, सहीपुढं. अजून कोरी हाय.