कर्नलसाहेब आणि पुठ्ठा

प्रिय ताई,

तर पत्रात तुझं म्हणणं असं, की त्या दिवशी तू बोलली नाहीस कारण तुला कोणी विचारलंच नाही. हे मला पटत नाही. बाबा सगळ्यांदेखत भाऊजींना म्हणाले की उद्यापासून छापखान्यात पाय ठेवायचा नाही. भाऊजींनी एकदा तुझ्याकडे बघितलं आणि तू कप विसळत राहिलीस. चार कप विसळायला वेळ तो किती लागतो? छपाईच्या मशिनाची मोटार भाऊजींनीच जाळली, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं ओढून ओढून ती आधीच खराब केली होती, असं मी बाबांच्या कानावर घातलं होतं, हे मी नाकारत नाही. पण तू त्यांची बायको. खोटं वाटत होतं तर भांडायचंस, खरं वाटत होतं तर तसं म्हणायचंस. वर्ष होत आलं, मी फोनवर हा विषय काढला की तू मला भाजीचे भाव सांगतेस.

असो. इथलं काम तुला कधी धड सांगितलं नाही, ते सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मोठा हॉल आहे, त्यात माणसाहून उंच लोखंडी कपाटांच्या रांगा. कपाटांत कॉम्प्युटर, पण पडदा नाही, बटणं नाहीत, नुसते पंखे घोंघावतात. जमिनीला जाळीच्या फरश्या आहेत आणि त्यांतून गार वारा वर येतो, तो मशिनांसाठी. माणसांसाठी इथे काही नाही. मी खोकी वाहतो, बिघडलेले पंखे बदलतो, आणि दुपारी जेवण झालं की सहाव्या रांगेत स्टुलावर बसून कपाटांवरचे नंबर वहीत उतरवतो. नववी नापासाला याहून काय देणार?

आल्या आल्या माझी एक फजिती झाली. इंजिनीयर लोक सारखे म्हणायचे, कर्नलने अडवलं, कर्नलकडे मागावं लागेल, कर्नल दाखवत नाही. मला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी फौजेतले साहेब बसतात. जिन्यात पिकल्या मिशांचे एक गृहस्थ भेटायचे, त्यांना मी दोन महिने कडक सलाम ठोकला. ते लिफ्ट दुरुस्त करणारे निघाले. बिचारे रोज उलट सलाम करायचे, त्यांना वाटायचं इथली हीच पद्धत.

कर्नल हा माणूस नव्हे. कॉम्प्युटर चालवणारी जी मुख्य यंत्रणा असते, तिच्या गाभ्याला तसं म्हणतात. मला हे लंबूने सांगितलं. लंबू म्हणजे आमचा इंजिनीयर, दारातून वाकून येतो. तो म्हणाला, चिपच्या पोटात बारीक मोजणीयंत्रं असतात. किती कामं केली, किती वेळा खोळंबली, तापली म्हणून किती वेळा स्वतःच मंद झाली, सगळं ती मोजत बसतात. पण ते आकडे कुणी परस्पर वाचू शकत नाही, कर्नलकडून घ्यावे लागतात. आणि कर्नल सहजी देत नाही, कारण एकाच मशिनावर अनेक गिऱ्हाइकांची कामं चालतात आणि शेजाऱ्याचे आकडे बघून शेजारी काय करतोय याचा अंदाज बांधता येतो. म्हणून त्यात एक सेटिंग आहे आणि ताई, त्या सेटिंगचं नावच 'संशयी' अशा अर्थाचं आहे. आमच्याकडे ते चारवर होतं, म्हणजे कोणालाच काही दाखवायचं नाही. आकडा उतरवत न्यावा तसा कर्नल मोकळा होतो. उणे एकवर आणला की सगळ्यांना सगळं. मला भाऊजींची आठवण आली. मला शंकासुर नाव त्यांनीच ठेवलं होतं ना.

मग सहाव्या रांगेचं प्रकरण सुरू झालं. रोज दुपारी दोन ते चार तिथली मशिनं रेंगाळायची. गिऱ्हाइकं ओरडायची, सुपरवायझर आमच्यावर ओरडायचा. म्हणाला, पंधरा दिवसांत कारण सापडलं नाही तर सगळे हेल्पर बदलतो. माझी नजर लंबूवर. रोज अडीचला हा लॅपटॉप काखेत मारून सहाव्या रांगेत हजर, एका मशिनाला वायर लावतो, मी जवळ गेलो की पडदा कलता करतो. मी आठ दिवस पाळत ठेवली. येण्याजाण्याच्या वेळा वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या. एकदा त्याने मला बिस्किट दिलं, तर म्हटलं, बघा, तोंड बंद करायला बघतोय. शेवटी सुपरवायझरला जाऊन सांगितलं की हा कंपनीच्या मशिनांवर आपलं खाजगी काम ओढतोय. तोंडातून शब्द निघाला आणि मला वाटलं, हे वाक्य मी आधी कुठेतरी बोललोय.

लंबू चिडला नाही. तो म्हणाला, मी रोज येतो ते हेच शोधायला, पण सुपरवायझरसाहेब, तुम्ही आकडे उघडायची परवानगी देत नाही, मी काय हवेत बघू? परवानगी मिळाली. त्याने आमच्या दोघांसमोर तो संशयी आकडा चारावरून उणे एकवर आणला. पडद्यावर रांगा उमटल्या. चोरटं काम कुठेच नव्हतं. पण पाच मशिनांच्या चिपा रोज दोनच्या सुमारास तापत होत्या आणि जळू नयेत म्हणून आपणच आपला वेग कमी करत होत्या. पाचही शेजारशेजारच्या, माझ्या स्टुलासमोरच्या.

लंबू खाली वाकला आणि माझ्या पायाखालचा पुठ्ठा ओढून काढला. पायांना गार लागायचं, म्हणून मी खोकं फाडून रोज जाळीवर अंथरत होतो. मशिनांचा वारा मीच दाबून बसलो होतो आणि तिथेच बसून दुसऱ्याच्या वेळा लिहीत होतो. सुपरवायझर खूप बोलला. लंबू एवढंच म्हणाला, "याला मोजे आणून द्या." नोकरी राहिली.

पण त्या दिवसापासून मला झोप नाही. छापखान्यात दुपारी मी मोठं काम मशिनावर लावून कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा व्हायचो. मोटारीचा आवाज कानाला टोचायचा, म्हणून तिच्यावर जाड चादर टाकायचो, निळी, कडेला फाटलेली. चादरीने मोटार जळते हे मला खरंच माहीत नव्हतं गं. त्या दिवशी जळका वास आला, मी मेन स्विच पाडायला बाहेर धावलो. परत आलो तेव्हा तू चहा घेऊन उभी होतीस आणि मोटार उघडी होती. चादर कुठे गेली, हे वर्षभरात माझ्या डोक्यात आलं नाही. एवढा शंकासुर मी, आणि ही एक शंका आली नाही. ती तूच उचललीस ना, ताई, मला वाचवायला? आणि मग कप विसळत राहिलीस.

याचं उत्तर फोनवर देऊ नकोस, भाजीचे भाव सांगशील. हे पत्र आधी भाऊजींना वाचून दाखव, मग बाबांना. गाळू नकोस काही. आता करतात ती गोदामातली हमाली सोडून भाऊजींनी उद्याच छापखान्यात जावं. बाबा आडवे आले तर म्हणावं, मोटार धाकट्याने जाळली, त्याच्या हातचं लिहून आलंय. आणि तुला मी जे वर्षभर टोचत होतो, ते आता टोचणार नाही. तेव्हा मोटारीची वायर नव्याने भरून घ्यायला जो खर्च आला, त्याचे सात हजार दोनशे पाठवतोय, कमी पडले तर कळव.

तुझाच,
शंकासुर