घरचा धूर

२ जुलै

पोचले एकदाची! दोन दिवस बोटीवर उलट्या, मग अर्धा तास रबरी होडीत गुडघे हनुवटीला लावून. किनाऱ्यावर पाय ठेवला तर आचारी कॉफीचा थर्मास घेऊन स्वागताला हजर. त्याने आधी माझ्याकडे नाही, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, ताजे कांदे आणलेत का. आणले होते. तेव्हापासून मी त्याची लाडकी.

उत्तर ध्रुवाजवळच्या या हवा तपासायच्या केंद्रात आम्ही चौघंच. आचारी, जनरेटर सांभाळणारा मिस्त्री, केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणतात ते, आणि मी. लांबट लाकडी घर, चार खोल्या, स्वयंपाकघर, रेडिओची खोली. माझी खोली अगदी टोकाला. खिडकीतून बर्फ, बर्फापलीकडे आणखी बर्फ. सूर्य बुडतच नाही, डोक्याभोवती घिरट्या घालत राहतो. झोपायचं तर खिडकीला काळं कापड लावायचं.

चारशे पावलांवर हवेची खोली आहे. तिथला पंप सारखा बाहेरची हवा ओढतो आणि तळहाताएवढ्या गोल पांढऱ्या कागदातून गाळतो. रोज सकाळी दहाला कागद बदलायचा, वजन करायचं, डबीत बंद करायचा. हे माझं काम. इथल्याइतकी स्वच्छ हवा कुठेच मिळणार नाही, असं काका म्हणाले. साठीचे आहेत, आवाज मऊ. माझ्या खोलीतला हीटर त्यांनी स्वतः लावून दिला.

३ जुलै

काल थकले होते, म्हणून खरं ते लिहिलं नाही. मी या माणसासाठी इथे आले आहे.

माझी ताई राहायची त्या दरीच्या वर हवा तपासायची चौकी आहे, गेल्या उन्हाळ्यात हेच काका तिथे होते. तिथेही असाच पंप, असाच कागद. आपल्याच चुलीचा किंवा जनरेटरचा धूर यंत्रात शिरला की वहीत ‘घरचा धूर’ असं लिहायचं आणि तो आकडा सोडून द्यायचा, हा आमच्या धंद्यातला नियम. त्या संध्याकाळी सुई चढली. काकांनी ‘घरचा धूर’ लिहिलं आणि जेवायला बसले. वस्तीला सावध करणारा भोंगा वाजला तो तीन तासांनी. तोवर जंगलातली आग दरीत उतरली होती. माझी ताई गेली. तिची मुलगी ठकी गेली, आठ वर्षांची. चौकशी झाली आणि ठरलं काय, तर सगळं नियमाप्रमाणेच झालं. काकांना शिक्षा काय, तर बदली! ती पण स्वच्छ हवेत.

अकरा महिने अर्ज करकरून ही जागा मिळवली. ताईचं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे इथे कोणाला पत्ता नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय की चूक त्यांची होती. आणि ऐकल्यावर त्यांना सुखाने दोन घास गिळू द्यायचे नाहीत.

७ जुलै

काका चांगले वागतात, हीच पंचाईत आहे. काल माझे मोजे दोरीवरून उडाले, तर हा माणूस बर्फात त्यांच्यामागे धावला. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. मोज्यांसाठी धावता येतं वाटतं यांना.

आज दुपारी रेडिओवर निरोप आला. दरीतली आग विझलीच नव्हती म्हणे. मातीखाली, मुळांमधून वर्षभर धुमसत राहिली, वर बर्फ पडला तरी. आता पुन्हा वर आली आहे, त्याच जागी, जळक्या घरांच्या मधोमध. वाऱ्याचा नकाशा बघितला. तो धूर इतक्या हजारो कोसांवरून सरळ आमच्याकडे निघाला आहे.

काकांनी जेवताना निरोप वाचला. त्यांचा चमचा तिथेच थांबला. मी आचाऱ्याकडून आणखी एक वाटी सूप मागून घेतलं.

११ जुलै

पहिला राखाडी कागद! डबी उघडून हुंगला. जंगलाच्या धुराला डिंकाचा वास असतो. याला घराचा आहे. रंगवलेलं लाकूड, रबर, कपाटातल्या डांबरगोळ्या. ताईच्या घरात शिरलं की आधी डांबरगोळ्याच नाकात जायच्या. मी चिडवायची तिला त्यावरून.

कागद टाचणीने काकांच्या टेबलासमोर भिंतीवर टोचून ठेवला. ते आले, पाहत राहिले. मग तो काढला, डबीत ठेवला, वर तारीख घातली. तारीख दोनदा चुकली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१४ जुलै

आज कोऱ्या कागदाचा दिवस. आठवड्यातून एकदा पंप बंद ठेवून एक कागद यंत्रात घालायचा आणि काढायचा. त्यावर हवा जातच नाही. आपल्या हातांची घाण किती, ते त्याच्यावरून कळतं. तो पांढरा राहायलाच हवा.

काळाकुट्ट निघाला.

मिस्त्रीवर तोंड टाकलं, तेलाचे हात लावलेस म्हणून. त्याने आईची शपथ घेतली की तो तिकडे फिरकलासुद्धा नाही. बिचारा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी घाण कुठून येते ते बघायला दोन कोरे कागद दोन डब्यांत घालून चिकटपट्टीने बंद केले. एक माझ्या खोलीतल्या खणात ठेवला, एक गुपचूप काकांच्या.

१५ जुलै

सूर्य नारिंगी झालाय, आभाळभर धूर आहे. आणि पंपातला कागद पांढरा स्वच्छ.

मग दोन्ही डब्या उघडल्या. काकांच्या कागदावर अंगठ्याएवढा डाग. माझा कडेपर्यंत काळा.

धूर चुकतोय. शेजारच्या खोलीत जायचं सोडून माझ्या खोलीत येतोय. ताई, मी नाही गं. तो म्हातारा पलीकडे झोपतो.

१७ जुलै

मला हवं होतं ते मिळालं.

सकाळी मी वजन करत होते. काका आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओळखलं. चौकशीत ताईचा फोटो होता, कपाळ आणि भुवया अगदी त्याच. मला हाकलून देता आलं असतं, पण त्यांना वाटलं की कोणीतरी यायलाच हवं होतं. मग ते म्हणाले,

“मला वास आला होता. चुलीचा नव्हता, हे कळलं होतं मला. पण बाहेर जाऊन बघायचा कंटाळा केला, आणि लिहून टाकलं. चूक माझीच.”

वर्षभर या वाक्यासाठी जगले. ऐकलं आणि आत काहीच हललं नाही.

कारण पुढे त्यांनी विचारलं. वस्तीतले बाकीचे लोक भोंग्याची वाट न बघता वासावरच निघाले होते. तुझ्या ताईचीही बॅग दाराशी भरलेली सापडली. मग ती थांबली का? तिने कोणाला तरी फोन केला होता, सहा मिनिटं. कोण होतं ते?

मी म्हटलं, माहीत नाही.

१८ जुलै

मी होते.

तिने मला विचारलं, कारण मी यातली. म्हणाली, वास येतोय, दोरीवरच्या कपड्यांवर राख पडतेय, आम्ही निघू का? मी संगणकावर चौकीचा आकडा बघितला. शेजारी लिहिलं होतं ‘घरचा धूर’. मला बाहेर जेवायला जायचं होतं, मैत्रिणी खाली थांबल्या होत्या. मी म्हटलं, यंत्रापेक्षा तुझं नाक शहाणं का गं? तुझं नेहमीचंच. ठकीची उद्या परीक्षा आहे ना, झोपव तिला.

ती बरं म्हणाली. नेहमी माझं ऐकायची.

काकांनी बाहेर जाऊन बघितलं नाही. मी पण आकड्यापलीकडे बघितलं नाही. म्हणजे धूर चुकत नव्हता.

१९ जुलै

लिहून ठेवते.

दहा वाजता काका स्वतः कागद बदलायला गेले, मला बरं नव्हतं म्हणून. मी रेडिओपाशी. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा आवाज. खोलीत धूर कोंडलाय, दार उघडत नाही, कोणीतरी या.

लगेच मिस्त्रीने जनरेटरच्या खोलीतून रेडिओवरच विचारलं, धावू का?

तेव्हा माझ्या मनात आलं, हे गेले तर धुराचं पोट भरेल. मग मला सोडेल.

मी म्हटलं, वारा जनरेटरकडून आहे. घरचाच धूर आहे. काकांना उगाच घाबरायची सवय. केंद्राच्या वहीतही तसंच लिहिलं. माझ्या हाताने.

मग सात मिनिटांनी धावत सुटले. दार हात लावताच उघडलं. आत धुराचा मागमूस नाही. काका भिंतीशी बसलेले, गेलेले. ओठांच्या आत काजळी.

आचारी रडला. मिस्त्री वही बघत होता, मग माझ्याकडे.

२० जुलै

रेडिओवर डॉक्टर म्हणाले, हृदय असेल. परवा बोट येईल.

माझ्या खणातले सगळे कोरे कागद काळे. काकांच्या खणातला आता पांढरा.

त्यांचं संपलं. माझं—

२२ जुलै

बोट आली. आचारी आणि मिस्त्री काकांना घेऊन किनाऱ्यावर गेलेत. तासाभरात परततील. बाहेर लख्ख ऊन. मी एकटी, रेडिओपाशी.

रेडिओ वाजला. वाटलं मिस्त्री.

ताई. “वास येतोय गं. निघू का आम्ही?”

बंद केला. तार उपटली. तरी विचारतेय. पुन्हा पुन्हा, तोच प्रश्न, शांतपणे. चिडली असती तर बरं—

डांबरगोळ्या. सगळीकडे तोच वास. या वहीची पानं कडेने काळी होत—

बोलले. अखेर बोलले. निघ म्हटलं, ताई, आत्ताच्या आत्ता निघ, ठकीला उचल, बॅग टाकून दे, धाव. रडत ओरडत म्हटलं. वर्षभर झोपेत हेच बोलत होते मी.

मग ती म्हणाली, “बरं. निघालो. तुझ्याकडेच येतोय. तू कुठे जाऊ नकोस.”

खिडकीबाहेर किनारा दिसेना. ऊनही दिसेना. आचाऱ्याला हाका मारल्या—

दार उघडत नाही. कडी गरम. बाहेर बर्फ आहे आणि कडी गरम—

पावलं. दोघींची. एक जोडी लहान.

खोकतेय. ठकी खोकतेय दाराशी. विचारतेय, मावशी, तू अजून आतच का—