डोक्यामागची गादी

२ नोव्हेंबर
मुलाने आज परत तेच काढलं. आई, बाहेरच्या खोलीत हवा जास्त आहे, तुला बरं पडेल. हवाच खायची असती तर गच्चीवर राहिले असते. बाहेरची खोली म्हणजे चपला, टीव्ही आणि त्याची सायकल. मी तोंडाने उत्तर दिलं नाही, हाताने देणार. माझ्या पलंगामागे हेडबोर्ड करते, फोम आणि वर कापड, मोबाईलवर दाखवतात तसा. एवढ्या सजवलेल्या खोलीतून आईला उठवायची कुणाची छाती आहे? आठवड्यात उरकते.

५ नोव्हेंबर, दुपार
प्लायवुड आलं. दुकानदाराने माप विचारलं. म्हटलं, पलंगाएवढं. पलंग केवढा, म्हणे. हात पसरून दाखवलं. घरी आणून लावलं तर दोन्हीकडून कमी. मेल्याने माझे हात नीट बघितलेच नाहीत.

६ नोव्हेंबर
जुन्या सोफ्याचा फोम काढला. आमचे हे बसायचे तिथे खड्डा आहे. माणूस गेला, खड्डा ठेवून गेला. त्यांचेच जुने मोजे कोंबून बुजवला. आतलं कोण बघतंय.
विहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. बाई शिडीसारखी उंच, गुडघ्यांनी तरी किती पेलायचं? सून फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी ऐकत नव्हते, दाराशी झाडत होते. असेना का. विहिणीला मुलगा आहे, तो बघेल.

९ नोव्हेंबर
सुनेने न मागता निळी मखमल आणून दिली. वर म्हणाली, आई, जरा उंच लावा, मानेला आधार हवा. मी बसले की उशीएवढी दिसते, मला उंची काय करायची? पण बाईला माझ्या मानेची काळजी वाटायला लागली. हेडबोर्डचा गुण दिसू लागला म्हणायचा.

१२ नोव्हेंबर
बटणं ओढून खड्ड्याखड्ड्यांची नक्षी करणार होते. सुई फोममधून पार जाईना. बटणं रद्द. साधंच शोभतं, असं माझं पहिल्यापासून मत.
स्टेपलरने कापड ठोकताना पदरही ठोकला गेला. सून बाजारातून येईपर्यंत हेडबोर्डला बांधल्यासारखी बसून होते. तिला सांगितलं, ताण बरोबर आहे का ते बघतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुलगा ड्रिल घेऊन आला. विचारलं, पलंगाला लावू की भिंतीला? पलंगाला लावला तर पलंगाबरोबर हलवता येईल. म्हटलं, हलवायचाय कुठे? तो ड्रिलची वायर सोडवत बसला. म्हटलं, भिंतीलाच लाव, आणि असा लाव की घर पडलं तरी हा उभा राहील. सून लगेच म्हणाली, बरोबर आहे आईंचं, भिंतीलाच, फक्त आणखी थोडा वर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझी बाजू घेतली.
मुलाने सगळे स्क्रू आवळले. डोळे लाल दिसले. प्लास्टरची धूळ गेली असणार.

१८ नोव्हेंबर
हेडबोर्ड माझ्या डोक्याच्या वरून सुरू होतो. पाठीला भिंतच लागते. बघायला मात्र राजवाडा.
मुलाने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, दाराची रुंदीही मोजली. आईच्या म्हातारपणाची तयारी करतायत पोरं. मीच उगाच वाकडं बोलते. खोलीचा विषय तर पुन्हा निघालाच नाही. जिंकले.

२२ नोव्हेंबर
पलंग दोघांनी सहज उचलून बाहेरच्या खोलीत नेला. हेडबोर्ड भिंतीलाच राहिला. मुलाने एक स्क्रू फिरवून बघितला. खरं लिहायचं तर अर्धाच.
संध्याकाळी विहीण वॉकर घेऊन आली. थोडे दिवस, असं सून म्हणाली. कपाटातला माझा खण मात्र पूर्ण रिकामा केला. विहिणीचा मुलगा तिला दारात सोडून गेला, चहालासुद्धा थांबला नाही.
माझ्या खोलीत तिच्यासाठी आणलेल्या नव्या पलंगावर तिने पाठ टेकली. म्हणाली, विहीणबाई, मानेला अगदी बरोबर येतोय, माझं माप घेऊन केल्यासारखा. मध्येच जरा गोळा लागतोय, तेवढंच. मोज्यांचं मी काही बोलले नाही. कुठून आणला, असं तिने लेकीला विचारलं. सून म्हणाली, आईंनी घरीच केला, खास तुझ्यासाठी.
मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. मी हो म्हटलं.
इथे हवा खरंच जास्त आहे. सायकलचं हँडल डोक्याला लागतं. थोडा फोम उरलाय, उद्या त्यालाच गुंडाळते.