सरासरी बरी आहे

३ जानेवारी

चि. खडू,

आशीर्वाद आधी, तक्रारी मागून.

तू मागितलेला दगड आजच्या पार्सलने निघाला. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, तेलविहिरीच्या पोटातून सबंध काढलेला. दिसायला फुकटचा. त्याचा खरा हिशेब ऐक: ड्रिलच्या पात्याचे सगळे दात, थोरल्या फिटरच्या अंगठ्याचं नख, आणि मी तिकडे अडकलो म्हणून तुझ्या आईने एकटीने काढलेला तुझा गोवर. तुमच्या ऑफिसात कुणी त्यावर चहाचा कप ठेवला तर एवढं सांग.

आई ठीक. जिना चढली की धाप लागते, आडवी झाली की खोकला. डॉक्टरांनी बोटाला लावायचं यंत्र दिलंय, त्यात रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दिसतो. नव्वदच्या वर राहिला पाहिजे म्हणाले. तू विचारतेस, रजा आत्ता टाकू की काम संपवून. मी आहे ना इथे! जमिनीखाली दगड बदलला की पाइपाच्या आवाजावरून मी सांगायचो. वाळूचा दगड खसखसतो, चिकणमाती मिठाची गुळणी धरून बसते. आईचा श्वास तर मी बाहेरच्या खोलीतून ऐकतो. हे कान आजवर फसलेले नाहीत.

फोन मात्र नको. आपला फोन फार खरखरतो, आणि तूही हल्ली पुटपुटतेस. पत्रच लिही.

आहे तो लोभ दोघांचा, अर्धा अर्धा करू नये.
बाबा

१४ जानेवारी

ती. बाबांना,

नमस्कार आणि दगड पोचल्याची पावती. टेबलावर ठेवलाय, कपाला मज्जाव आहे.

रजा वर्षात एकदाच मिळते, लांबची. म्हणून तर तुम्हाला छळते आहे. जमिनीखालच्या तेलाचं कॉम्प्युटरवर चित्र उभं करायचं काम महिनाअखेर द्यायचं आहे. सगळा खडक ठोकळ्याठोकळ्यांत कापायचा. एकेक ठोकळा मैदानाएवढा, आत तुमच्या दगडासारखे शेकडो थर, कुणी भरभर झिरपणारा, कुणी ढिम्म. पण कॉम्प्युटरला ठोकळ्यामागे झिरपेचा एकच आकडा लागतो, तेलाच्या दाटपणाचा एकच. मग काढा सरासरी. साहेब म्हणतात, सरासरी म्हणजे सभ्य माणसाचं खोटं.

आईला यंत्र रोज तीनदा लावा. आठवड्याचे सगळे आकडे लिहायचा कंटाळा येईल, तेव्हा सरासरीच कळवा. नव्वदच्या खाली आली की त्या दिवशी निघते.

तुमच्या रागावण्यावर माझा हक्क तसाच ठेवा.
खडू

२६ जानेवारी

चि. खडू,

आशीर्वाद. आठवड्याची सरासरी एक्क्याण्णव! दोनदा बेरीज केली. पास झाली तुझी आई.

सकाळी तर अशी टवटवीत असते की मलाच कामाला लावते. दुपारी आडवी झाली की जरा उतरते, पण ते सगळं धरूनच एक्क्याण्णव. तिचं म्हणणं, पोरीला मध्येच ओढून आणू नका, ती येईल तेव्हा मी तिच्याशी पत्ते खेळणार आहे आणि हरणार नाही. मी म्हटलं, हरत नाहीस कारण लबाडी करतेस. त्यावर हसली, मग बराच वेळ खोकली.

शेजारच्या मास्तरीणबाई परत भांडून गेल्या. आमचा रेडिओ म्हणे भिंत फोडून येतो. बाईंचे कान नाजूक, दुसरं काय.

काम उरक आणि ये. घाई नाही.

आईचा लोभ पत्त्यांसकट.
बाबा

४ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. फोन दोनदा लावला, कुणी उचलला नाही, म्हणून हे पत्र घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

माझं चित्र चुकलं. तेल थरांच्या लांबीने आडवं वाहत असतं तर साधी सरासरी चालली असती, एक थर अडला तर दुसऱ्यातून वाट मिळते. पण इथे तेल खालून वर चढतं, एकेक थर पार करत. मध्ये बोटभर चिकणमाती. बाकी खडक कितीही उदार असू दे, तिच्यापाशी सगळं थांबतं. मी तिला बाकीच्यांत मिसळून टाकलं, आणि आकडा छान आला.

साहेबांसमोर हे सांगता सांगता मला आईची दुपार आठवली. माणूस दिवस एकामागून एक पार करतो, बाबा. सकाळचा श्वास दुपारी उपयोगी पडत नाही. मला सरासरी नको. सर्वांत खालचा आकडा काय होता? तो घेऊन पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. मी रजा टाकली, उद्या निघते.

आईला सांगा, पत्ते पिसून ठेव.
खडू

११ मार्च

चि. खडू,

आशीर्वाद. तू नीट पोचल्याचं कळलं.

तुझं ते पत्र तू आल्यावर आलं, पोस्टमनच्या हातून तूच घेतलंस. तोवर आईची खोली आवरून झाली होती. तू गेल्यावर मी ते वाचलं. सर्वांत खालचा आकडा विचारला होतास, तर सांगतो. दुपारचा आकडा ऐंशी असायचा, कधी त्याच्याही खाली. सकाळचे सत्त्याण्णव त्याला सांभाळून घ्यायचे.

सरासरी तूच मागितलीस म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. तू दूर होतीस. मी तर तिच्या दारापाशी खुर्ची टाकून बसलेला, दार उघडं. मास्तरीणबाई भिंतीपलीकडून धावत आल्या तेव्हा मला वाटलं, परत रेडिओवरून भांडायला आल्या.

दगडावर आता कप ठेवलास तरी चालेल. पत्ते तिच्या उशीखाली सापडले. चांगली पानं वर लावलेली होती.

जेवत जा. लोभ आता एकाचाच आहे, तो पुरवून घे.
बाबा

ता. क. काल बाईंनी मला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. तपासणी सुरू कधी होते म्हणून मी वाट बघत बसलो. ती संपली होती.