मोडलेला श्टोलन

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

हेडविग येऊन गेली. बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी घेऊन आली होती. पातेलं शेगडीवर आदळलं आणि कोट न काढताच विचारलं, "श्टोलनचं काय ठरवलंस, कोनराड?"

अजून काही नाही, म्हटलं.

"काही नाही म्हणजे? माझी बहीण गेली म्हणून या घरातला नाताळही गेला की काय?"

वायगेलच्या भट्टीत आमची पाळी तीस तारखेला. पीठ, लोणी, बेदाणे आपण न्यायचे. मळायचं, भाजायचं त्याने. मग नाताळाचे ते लांबट गोड पाव फळीवर मांडून आपणच घरी आणायचे. लग्न झाल्यापासून हे सगळं लिसबेट बघायची. मी फक्त खायचो.

"फळीचं दुसरं टोक मी धरीन," हेडविग म्हणाली. "तिला तेवढं बोलावू नकोस."

तिला म्हणजे रेनाटेला. आमच्या सुनेला.

सोमवार, १३ नोव्हेंबर

दिवसभर येरझाऱ्या. तळघरात उतरलो, कशाला आलो ते आठवेना, वर आलो. पुन्हा उतरलो.

बुधवार, १५ नोव्हेंबर

शिवणाच्या टोपलीखाली बिल्ल्यांची डबी सापडली. पत्र्याची बदकं. लिसबेटच्या आजोबांनी कापलेली. गावात प्रत्येक घराची खूण वेगळी. भाजण्याआधी पावात खोचायची, म्हणजे आपला पाव दुसऱ्याकडे जात नाही. एका बदकाची मान वाकली आहे. ते गेल्या वर्षीचं.

लिहूनच टाकतो. डोक्यात नुसतं फिरत राहतं.

गेल्या वर्षी लिसबेट आणि रेनाटे श्टोलन आणायला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा रेनाटे रडत होती. एक पाव मधोमध मोडलेला. "माझ्या हातून निसटला, बाबा." लिसबेट काहीच बोलली नाही. कोटाच्या खिशात हात घालून शेगडीपाशी उभी राहिली.

नाताळाआधी श्टोलन मोडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं इथे म्हणतात. मी शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. अशा गोष्टींवर वर्गात मुलांना हसवलं आहे.

मे महिन्यात लिसबेट गेली. डोक्यात गाठ. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला.

तिला पोचवून आल्यावर पाहुणे कॉफी पीत बसले होते. आत स्वयंपाकघरात हेडविग रेनाटेला म्हणाली — "तुझेच हात!" मी दारात उभा होतो. रेनाटेने माझ्याकडे पाहिलं. मी साखरेचं भांडं उचललं आणि पाहुण्यांकडे गेलो.

त्यानंतर ती या घरात आलेली नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

आमचा योखेन आला. एकटाच. उकडलेले बटाटे, चक्का आणि वरून जवसाचं तेल. मला एवढंच जमतं.

"बाबा, तेल खवट झालंय."

"तुझ्या आईने आणलेलं आहे."

त्याने ताट पुसून खाल्लं.

मग म्हणाला, मार्चमध्ये मूल होणार आहे. मी उठून त्याचा हात दाबला. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. खिडकी लावायला गेलो.

बस यायच्या आधी म्हणाला, "रेनाटेला एकच विचारायचंय. मावशी बोलली ते बोलली. पण तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"काहीतरीच!" मी म्हटलं.

म्हटलं खरं — पण जरा उशिराच. तो माझाच मुलगा. त्याला तो उशीर ऐकू आला.

"मग नाताळला आम्ही तिच्या आईकडे जातो, बाबा."

फाटकाची कडी नीट लावून गेला. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

वाटतं का मला तसं? दिवसभर हाच प्रश्न. नाही वाटत.

मग त्या दिवशी साखरेचं भांडं कशाला उचललं?

बुधवार, २२ नोव्हेंबर

बेदाण्यांचे देठ काढले, रममध्ये भिजत घातले. बदाम हेडविगकडे पश्चिम जर्मनीहून आलेल्या पार्सलातले. कडू बदामही मूठभर मिळाले. साखरेतली लिंबाची साल मात्र कुठेच नाही. दुकानातली बाई नुसती हसली. "लिंबू? यंदा? मास्तर, तुम्ही पण ना!"

हेडविगला सांगितलं, तर तीही हसली. "हिरवे टोमॅटो साखरेत मुरव. लिसबेट तेच तर घालायची."

म्हणजे इतकी वर्षं मी लिंबू म्हणून टोमॅटो खात होतो! आणि दर नाताळला म्हणायचो, यंदा लिंबाचा वास कसा छान उतरलाय. लिसबेट म्हणायची, "हो ना?"

एकटाच हसलो. मग घरात जास्तच शांत वाटायला लागलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. लिसबेटच्या कबरीवर गेलो. माझ्याआधीच कुणीतरी येऊन गेलं होतं. फरच्या फांद्या नीट एकावर एक रचलेल्या, मधे लाल फळांची डहाळी. रेनाटेच. पहिल्या बसने येऊन परतही गेली असणार. आमच्या दाराशी आली नाही.

हेडविगनेही ओळखलं. "आता हात धुवायला आली होती वाटतं!"

"पुरे, हेडविग."

मी तिला असं कधी बोललो नव्हतो. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "फळी तूच धर मग. दोन्ही टोकांनी."

आणि गेली.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

पोस्टात जाऊन रेनाटे शिकवते त्या बालवाडीत फोन लावला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. रांगेत मागे लोक उभे. म्हणून भरभर बोललो — गुरुवारी ये, श्टोलन आणायचे आहेत, फळीला दोन माणसं लागतात. आणि गेल्या वर्षीचं माझ्या मनात काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलं आहे.

तिकडे मुलांचा कलकलाट.

मग म्हणाली, "बरं, बाबा."

मोठं ओझं उतरलं. येताना गोठलेल्या ओढ्यापर्यंत उगीच फिरून आलो. लिसबेटला बरं वाटलं असतं.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

पीठ काल रात्रीच शेगडीजवळ ठेवलं होतं. थंड पिठाचा श्टोलन फुगत नाही, एवढं तरी मला माहीत. सकाळी सगळं हातगाडीवर घालून नेलं. वायगेलने पिठात बोट घातलं, मान डोलावली. बिल्ले दिले. "बदकं आली म्हणायची!" म्हणाला.

दुपारच्या बसने रेनाटे आली. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. आम्ही हवेबद्दल बोललो. बर्फ पडणार की नाही यावर पूर्ण रस्ता निघाला.

भट्टीत वायगेलबाई मला ओरडल्या, "मास्तर, ती फळी आहे, छडी नव्हे! खालून धरा!" रांगेतल्या बायका खिदळल्या. मग वायगेलबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि रेनाटेच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलंस हो."

ती पुढे, मी मागे. रस्ता निसरडा. माझं टोक खाली-वर होत होतं, तिचं नाही. "बाबा, पायरी." "बाबा, इथे डावीकडून." फळीवरची चादर हलली तरी मी थांबायचो. मूल मार्चमध्ये यायचंय. मी मोजत होतो — डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. असलं काही मानत नाही म्हणणारा माणूस!

एकही मोडला नाही. सगळे टेबलावर आल्यावर आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. मग तिने लोणी पातळ केलं, ब्रशने लावलं. मी वर साखर चाळली. निम्मी जमिनीवर. ती हसली! त्या स्वयंपाकघरात मे महिन्यानंतर असं मोकळं कुणी हसलं नव्हतं.

वाकड्या मानेचं बदक तिने बोटांनी सरळ केलं आणि डबीत ठेवलं.

निघताना मी पुन्हा म्हटलं, गेल्या वर्षीचं मनात ठेवू नकोस. मी माफ केलं आहे, खरंच. ती मफलर गुंडाळत होती.

"बरं, बाबा."

नाताळला येणार आहेत. दोघंही.

शुक्रवार, १ डिसेंबर

फळी परत द्यायला गेलो. वायगेलबाई म्हणाल्या, "सांगितलं ना सुनेनं शेवटी? मला लिसबेटबाईंनी शपथ घातली होती. वर्षभर ब्र काढला नाही मी."

"काय सांगितलं?"

त्यांनी फळी भिंतीला टेकवली. मग हात पुसत पुसत सांगितलं. रेनाटे भट्टीचं दार धरून उभी होती. फळी लिसबेटच्या हातात होती. तिचा डावा हात एकदम खाली गेला, जसा काही तिचा नव्हताच. असं आधीपासून होत होतं. लिसबेट म्हणाली, "कोनराडला कळलं तर डॉक्टरकडे ओढत नेईल. नाताळ तरी होऊ दे." तर रेनाटे म्हणाली, मी सांगते माझ्या हातून पडला.

श्टोलन मोडला म्हणून लिसबेट गेली असं आम्ही धरून बसलो. ती जायला निघाली होती, म्हणून श्टोलन मोडला.

उशीर झाला, हे डॉक्टरांचं बोलणं रेनाटेनेही ऐकलं होतं. तो उशीर लिसबेटने स्वतःच केला हे मला कळू नये, म्हणून ती हेडविगचं ऐकून घेत राहिली. आणि माझंही.

एक श्टोलन फडक्यात बांधला आहे. दुपारच्या बसने जातो. काय बोलायचं ते या वेळी पाठ केलेलं नाही.

या आठवड्यात मी तिला दोनदा माफ केलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बरं, बाबा."