हयात आईच्या दुखवट्याचा ठराव गुपचूप रद्द होणेबाबत

प्रति,
मा. ग्रामसेवक तथा सचिव,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे कोपरखारी,
ता. भिवंडी, जि. ठाणे.

अर्जदार : केसरीनाथ नामदेव तरे, वय ४९, धंदा नोकरी (वळ येथील गोदामात गेटवरचे रजिस्टर लिहिणे), रा. कोपरखारी.

विषय : माझी आई श्रीमती कमळाबाई नामदेव तरे या हयात असल्याने त्यांच्या निधनाबद्दलचा दुखवट्याचा ठराव, कारण जाहीर न करता रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) दि. २६ जानेवारी २००७ च्या ग्रामसभेचा ठराव क्र. ९.
२) खुलासा मागणारे आपले दि. ९ एप्रिलचे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, माझी आई जिवंत आहे. ती दि. ५ जानेवारीपासून दापोडे येथे माझी बहीण मैना हिच्याकडे राहत असून, मैनाच्या म्हणण्याप्रमाणे दोन वेळा जेवते व तीन वेळा भांडते. मार्चअखेर माझी पत्नी विनिता रेशन आणण्यास गेली असता, दुकानदाराने आईच्या नावावर आडवी रेघ मारलेली दाखवून "गावाने ठराव केलाय" असे सांगितले. ही मयत कागदावर चढल्याचे आम्हास तेव्हा कळले.

२. आपल्या पत्रात आपण दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, कमळाबाई यांनी समक्ष हजर राहावे. दोन, अर्जदाराने जानेवारीत डोके व मिशी कोणत्या कारणाने काढली याचा पुराव्यासह खुलासा करावा. पैकी दुसऱ्याचा खुलासा असा की, मी काहीही काढलेले नाही. माझ्या मानेत गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली व डिसेंबरपासून मुंबईच्या एका रुग्णालयात माझे केमोचे डोस चालू आहेत. सहा ठरले होते, पाच झाले. सहावा व शेवटचा दि. २४ रोजी आहे. केस जातील असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. डोक्याचे मला विशेष वाटले नाही, तेथे मुळात शिल्लक माल थोडाच होता. मिशी मात्र तीस वर्षांची जुनी. ती एका सकाळी तोंड पुसताना टॉवेलबरोबर गेली. मागोमाग भुवयाही गेल्या. तेव्हापासून माझ्या चेहऱ्याच्या रजिस्टरात फक्त जावक आहे.

३. आपल्याकडे मिशीसकट डोके गेलेला माणूस दिसला की त्याचे आई किंवा वडील गेले, हे शेंबड्या पोरालाही समजते. वडील १९९१ साली वारले व त्यांच्या बाराव्याला सारा गाव जेवला आहे. म्हणजे उरली आई. शिवाय ती गावात दिसत नव्हती. लेकीकडेच गेली व तिकडेच उरकले, असे गावाने ठरवले. दापोड्यास जाऊन विचारून यायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, परंतु मयताची खात्री करून घेणे बरे दिसत नाही. मीही कोणाची करून घेतली नसती.

४. तरीही मुख्य दोष माझाच आहे. दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी मी रिक्षातून उतरत असताना सदस्य तुळशीराम भोईर व आणखी तीन माणसे टोप्या घालून सामोरी आली. तुळशीरामभाऊंनी खांद्यावर हात ठेवून विचारले, "म्हातारीला तरास तर न्हाय ना झाला?" त्या क्षणी मी तोंड उघडले असते तर त्यातून शब्दाऐवजी सकाळची पेज आली असती. म्हणून मी तोंड घट्ट मिटून हात जोडले. उलटी दाबल्याने डोळ्यांत पाणी आले. भाऊ म्हणाले, "रडू नको, सुटली ती." माझ्या आईच्या मृत्यूचे एवढेच कारण होय.

५. त्याच संध्याकाळी शेजारच्या पार्वतीवहिनींनी, दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून, वरण-भात पाठवला. सलग चार दिवस पाठवला. तोवर मला प्रत्येक घास गंजक्या खिळ्यासारखा लागत असे. ते वरण मात्र पोटात टिकले. आई जिवंत आहे हे सांगण्यासाठी मी दोनदा वहिनींच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा "भात जरा मऊ घाला" एवढेच सांगून परत आलो. हे लिहिताना मला लाज वाटते. पुढे मी बाराव्याचे जेवण घातले नाही म्हणून गावात माझी जी छीथू झाली, ती मी निमूट सोसली. वरण खाल्ल्यावर बोलायला तोंड राहत नाही.

६. आता पहिल्या गोष्टीविषयी, म्हणजे आईस हजर करण्याविषयी. माझा थोरला भाऊ रघू आठ वर्षांपूर्वी याच आजाराने गेला. आमच्या घरात त्या आजाराचे नाव घेत नाहीत. आई त्याला "रघूचा रोग" म्हणते व म्हणून झाल्यावर उठून मोरीत चूळ भरून येते. तिला मी पोटात अल्सर असल्याचे सांगितले आहे. केस जाण्याआधीच तिला दापोड्यास धाडले व साडेतीन महिने फोनवरच भेटतो. परंतु परवा तिने फोनवर बजावले, "आता न्हाय राहत मी. लेकीच्या घरी किती दिस खायाचा? तीस तारखेला येते." डोक्याबद्दल विचारले तर वज्रेश्वरीचा नवस होता असे सांगणार आहे. भुवयांचा नवस कोणी बोलतो काय, यावर विनिता व मी अद्याप विचार करीत आहोत.

७. अडचण अशी की, १ मे रोजी झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. आई तिथे दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. आणि सभेचा पहिलाच विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. म्हणजे आपण उभे राहून तिला तिच्या मरणाची बातमी वाचून दाखवणार. ती भडकेल, ते मला चालेल. पण त्यानंतर ती "का लिवला असा?" म्हणून विचारेल, आणि शंभर माणसांतून कोणीतरी माझ्या डोक्याकडे बोट दाखवील. एक मुलगा गेलेल्या बाईला दुसऱ्याचे दुखणे असे चारचौघांत कळू नये. मला स्वतःला याची केमोपेक्षा जास्त भीती वाटते.

८. सबब विनंती की, ठराव क्र. ९ हा १ मेपूर्वी "लेखनातील चूक" असे लिहून रद्द करावा, वाचताना तो गाळावा व माझे कारण दप्तरात घेऊ नये. रुग्णालयाचा कागद बंद पाकिटात सोबत दिला आहे. गावात तो पाहणारे आपण पहिलेच. वाचून परत करावा. शेवटच्या डोसनंतर तपासणी आहे. ती चांगली निघाली तर आईला मी माझ्या तोंडाने सांगेन. वाईट निघाली तरी मीच सांगेन.

९. ठरावाची नक्कल आपण पाठवली, ती मी काल प्रथमच पूर्ण वाचली. त्यात शेवटी लिहिले आहे की, "त्यांचे चिरंजीव केसरीनाथ यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली." असे वाक्य गावात प्रत्येकासाठी लिहितात, हे मला ठाऊक आहे. तरी एवढी एक ओळ कृपया खोडू नये. रघूला ते जमले नाही. मला जमावे म्हणूनच मी पाच डोस घेतले व सहावा घेणार आहे.

कळावे, तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
(सही)
केसरीनाथ नामदेव तरे
कोपरखारी, दि. १९ एप्रिल २००७

सोबत :
१) ठराव क्र. ९ ची नक्कल.
२) रुग्णालयाचा कागद, बंद पाकिटात.
३) आई हयात असल्याबद्दल बहीण मैना हिचे सहीचे पत्र. आईचा अंगठा घेता आला नाही, कशाला हवा ते तिला सांगावे लागले असते.