दुसरी मावशी

ता. ४ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. (राग आहे, पण आशीर्वादात कसर नाही.)

छकुलीचं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय हो तिचं! मावशीने शाळेचा नवा गणवेश आणला, असं लिहिलंय. मी दोनदा वाचलं. तिला मावशी एकच, ती मी, आणि मी तर काही पाठवलेलं नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की तुझे यजमान रंगकाम करताना शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि कुठल्याशा संस्थेच्या बाई घरी धान्य, औषधं घेऊन येतात. त्या म्हणे मावशी!

अगं, नवरा अंथरुणाला खिळला आणि सख्ख्या बहिणीला कळवावंसं वाटलं नाही तुला? परक्या बाईला कळलं, आणि मला कळतंय ते दुसरीतल्या पोरीकडून. मी काय मेले होते?

आणि गणवेश शिवला कोणी? तिथला एक शिंपी फुकट शिवून देतो म्हणे. आतली शिलाई दुहेरी आहे का, बघ जरा. नसणार. दोन धुण्यांत उसवेल, लिहून ठेव. सोबत दोन गणवेश पाठवतेय. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवलेत. यजमानांना म्हणावं, जिवाला जपा.

रुसलेली,
तुझी ताई (आणि छकुलीची एकुलती एक मावशी)

ता. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांगच, कारण तुझ्यापुढे उभं राहायची हिंमत नाही.)

तू रागावणार हे ठाऊकच होतं. मागे हे आजारी होते तेव्हा तू सगळं केलंस, ते जन्मात विसरणार नाही. पण नंतर मावसबहिणीच्या लग्नात ज्याने त्याने मला गाठून विचारलं, की ताईने सांभाळलं ना गं तुम्हाला? आत्या तर म्हणाल्या, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. तू प्रेमाने सांगतेस, कळतं मला. पण त्या मांडवात माझी मान वर झाली नाही.

या बाई आल्या तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मग विचारलं, की काय हवंय. देणारा कोण ते आम्हाला सांगत नाहीत आणि घेणारे कोण ते त्याला. छकुलीची मापंही त्याच घेऊन गेल्या. तो शिंपी मी पाहिलेलासुद्धा नाही.

तुझे गणवेश मिळाले. शिलाई बघून बाई बघतच राहिल्या. पण ताई, मागच्या वर्षीच्या मापाने शिवलेस गं! पोरगी केवढी उंच झालीय. खांद्यातच अडकली. घाईत तू आत जास्तीचं कापडही ठेवलं नाहीस. मग बाईंच्या हाती ते पलीकडच्या गल्लीतल्या एका लहान मुलीला दिले. रागावू नकोस.

तुझीच, मायेत कमी करू नयेस एवढं मागणारी,
धाकटी

ता. १९ जून

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. (आज एवढाच.)

दिलेस? माझ्या हातचे? अख्ख्या गावाची मापं घेणारी मी, आणि भाचीच्या मापात चुकले. दिवसभर मशीनवर बसवेना.

मी गावभर सांगते, असं तुझं म्हणणं. बरं. तोंडाला कुलूप. आत्याला कालच लिहून टाकलं, की धाकटीच्या घरची अडचण यापुढे मी कुणालाही सांगणार नाही.

खरं सांगू? जळफळाट होतोय माझा. त्या बाईचं तोंड पाहिलं नाही, तरी नुसत्या नावाने पित्त खवळतं. बरं, वागतेही भली, म्हणजे नावं ठेवायलाही जागा नाही. धान्य त्यांचं, औषध त्यांचं, गणवेश त्यांचा, आता मावशीही त्यांचीच. मग मी तिथे कोण? मी लागते का तुला, एवढंच कळव. लागत नसेन तर तसं लिही. सोसेन मी.

तुझी,
ताई

ता. २७ जून

ती. ताईस,
सा. न.

बाई परवा आल्या होत्या. कशा आहात विचारलं, मी छान म्हटलं. त्यांच्यापुढे मी नेहमी छानच असते. घर झाडलेलं, केस विंचरलेले, चेहरा हसरा. रडले तर त्या बिचाऱ्या आणखी काही आणतील, आणि मला आणखी काही नकोय. यांच्यापुढे रडावं तर हे स्वतःलाच दोष देतात. छकुलीपुढे तर नाहीच.

हे पडले तेव्हापासून मी रडलेच नाहीये गं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की शिडीवरचं काम आता यांना होणार नाही. हे अजून मी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. पहिल्यांदा तुलाच लिहितेय.

लागतेस का, विचारतेस? माहेर म्हणून तूच तर उरलीस. ये ना. काही आणू नकोस, काही करू नकोस. मला तुझ्या कुशीत पोटभर रडायचंय.

तुझी,
धाकटी

ता. १ जुलै

धाकटे,

आशीर्वाद तिथे येऊनच देते. दुकानाला कुलूप घातलं. गिऱ्हाइकं बोंबलतील, बोंबलू देत. शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. कुठे चाललीस म्हणून शेजारणीने विचारलं, तर धडधडीत खोटं बोलले.

एकच विचारते. त्या बाईपुढे अजून रडली नाहीस ना? शनिवारपर्यंत दम धर. मी येतेय.

तुझी,
ताई